बर्फातली डबी

फिलोमिनाची रिक्षा खवणेवाडीच्या बंधाऱ्यावर येऊन थांबली, सुगंधाकाकी हाशहुश करत खाली उतरली, आणि तिच्या कमरेला खोचलेल्या डबीतून एक लाडिक आवाज आला, “अभिनंदन, सुगंधाताई! आज आपण उत्तम व्यायाम केलात.”

“शिरा पडो तुझ्या तोंडार!” काकी डबीवर खेकसली. “आयकलंस गो फिलू? मालवणपासून हयपर्यंत मी बसान इलंय, नि ही बाय म्हणता व्यायाम केलंस!”

फिलोमिनाला हसू आवरेना. “रस्तो तसोच आसा गो. माजी पण चार किलो झडली आसतली.”

आता यात त्या आवाजाचा दोष नव्हता. काकीच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून लहान असा एक पेसमेकर बसवलेला होता. ‘सोबती’ त्याचं नाव. माणूस चालायला लागला, पळायला लागला की हृदयाचे ठोके वाढायला हवेत, हे सोबतीला ठाऊक होतं. पण माणूस पळतोय हे त्याला कळणार कसं? तर छाती किती हलते त्यावरून. मालवणचा रस्ता इतका खड्ड्यांचा, की रिक्षात बसलेली काकी त्याच्या हिशेबी डोंगर चढत होती! ठोके वाढवून त्याने बिचारीला उगाच धाप लावली होती.

उलटी तऱ्हा दोरीवर. खवणेवाडीत रापण ओढतात. होडी समुद्रात जाते, अर्धगोल फिरून लांबलचक जाळं टाकते, आणि जाळ्याच्या दोन टोकांच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर येतात. एक दोरी उत्तरेला, एक दक्षिणेला. मग अख्खी वाडी दोन्ही दोऱ्यांना लागते. टाच वाळूत रुतवायची, अंग मागे टाकायचं, दात आवळायचे आणि ओढायचं. अंगातली सगळी रग पणाला लागते, पण छाती? ती जागची हलत नाही. सोबतीला वाटायचं, बाई आरामखुर्चीत बसली आहे. तो आपले सत्तर ठोके देत राहायचा आणि काकीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

समुद्रात पवनचक्क्यांची रांग उभी राहिली आणि ट्रॉलर पार पलीकडे गेले, तेव्हा ट्रॉलरांपायी इतकी वर्षं मोडीत निघालेली रापण खवणेवाडीने पुन्हा काढली. पुरुषमाणसं बरीचशी शहरात, म्हणून निम्म्याहून जास्त हात बायकांचे. आणि पुकारा सुगंधा केळुसकरचा. ती दक्षिणेच्या दोरीच्या तोंडाशी उभी राहायची, हात वर करायची, आणि तिने ‘हय्याऽ’ म्हटलं की दोन्ही बाजू एकदम ओढायच्या. तिचा आवाज उत्तरेच्या टोकाला बाबी मेथरच्या कानात शिरायचा, एवढा खणखणीत. गेल्या दोन वर्षांत मात्र तो आवाज बसत गेला होता. चार पावलांत दम लागायचा, संध्याकाळी पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत, आणि पुकारा अर्ध्यावर तुटायचा.

पेसमेकर बसून सात वर्षं झाली होती. याच वाळूत ती कोसळली होती आणि तिच्या मुलाने, निहारने, तिला उचलून धावत नेलं होतं. यंत्राने जीव वाचवला हे काकी कधी नाकारायची नाही. “जो जीव देता तेका नावं ठेवू नये,” असं ती म्हणायची. पण मग हे दुखणं आलं कुठून? वय झालं, असं सोबतीवर पुण्याहून देखरेख ठेवणाऱ्या केंद्राचं म्हणणं. बासष्टाव्या वर्षी वय झालं म्हणणाऱ्याला काकीने चांगलंच फैलावर घेतलं होतं. पण तिकडे पुण्यात, पडद्यापलीकडे, त्याला काय फरक पडतो!

म्हणून ती कणकवलीला डॉक्टर नेत्रा सामंतांकडे गेली. डॉक्टर आचऱ्याच्या, रापण बघतच वाढलेल्या. पडद्यावर काकीचं हृदय धडधडत होतं, आणि डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडत होती.

“काकी, उत्तरेच्या माणसांनी आधी ओढायला सुरुवात केली आणि दक्षिणेची मागे राहिली, तर रापणीचं काय होतं?”

“तिरकी जाता. मासो एका बाजून पळान जाता, नि ओढणारे फुकट दमतत.”

“तुमच्या हृदयात नेमकं हेच चाललंय.”

निरोगी हृदयात वरच्या कप्प्यात एक ठिणगी पडते. ती एका ठरलेल्या वाटेने खाली उतरते, वाटेला दोन फाटे फुटतात, आणि खालचे उजवा-डावा दोन्ही कप्पे एकाच वेळी आवळतात. काकीची ही वाट नादुरुस्त झाली होती. म्हणून सोबतीची तार खाली, उजव्या कप्प्यात बसवली होती. तिथून ठोका दिला की उजवी बाजू लगेच आवळते. डावीला मात्र निरोप मांसातून वाट काढत पोचतो, उशिरा. अंगभर रक्त ढकलायचं खरं काम तर डावीचं! बऱ्याच जणांचं हृदय हे जन्मभर चालवून घेतं. पण काहींचं, वर्षानुवर्षं जवळजवळ प्रत्येक ठोका यंत्राचाच पडला, की हळूहळू सैल पडतं, फुगतं, त्याची ताकद जाते. डॉक्टरांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं. म्हणून जुन्या पेसमेकरांना एक शिस्त असायची: आधी थांबायचं. हृदयाचा स्वतःचा ठोका येतो का बघायचं. नाही आला, तरच आपला द्यायचा.

“तुमची वाट पूर्ण बंद नाही, काकी,” डॉक्टर म्हणाल्या. “कधी चालू असते, कधी बंद. पण दोन वर्षांपूर्वी केंद्राने सगळ्या साठीपुढच्या लोकांना ‘काळजी’ नावाची सेटिंग लावली. तेव्हापासून यंत्र थांबतच नाही. तुमचा ठोका यायच्या आधीच आपला देऊन मोकळं होतं. आणि तुमच्या हृदयाने त्याहून जास्त वेग घेतला, तर ती गडबड समजून दाबून टाकतं.”

“पण कित्याक?”

“थांबण्यात एक धोका असतो. ठोका आला नाही तर यंत्र देतंच, पण मधल्या घटकेत एखाद्याला चक्कर येते, एखादा पडतो. पडलं की केंद्राच्या नावावर लागतं. हृदय हळूहळू सैल पडलं तर वयाच्या नावावर लागतं.”

काकीचा पारा चढला. “म्हणजे मी पडूक नको म्हणान माका आधीच आडवी करून ठेवल्यानी! मगे सांगा तेका, वाईच थांब म्हणान!”

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. सेटिंगच्या शेजारी कुलपाचं चित्र होतं, आणि त्याखाली लिहिलं होतं: जबाबदार नातेवाईक, निहार केळुसकर. सात वर्षांपूर्वी काकी अर्धवट शुद्धीत असताना तिचा अंगठा घेऊन किल्ली मुलाच्या हाती गेली होती. त्याच्या होकाराशिवाय डॉक्टरांना हात लावता येत नव्हता.

निहारला तिथूनच फोन लावला. तो पुण्यात होता, सज्जन मुलगा, आईवर जीव टाकणारा. रोज तिचे ठोके फोनवर बघितल्याशिवाय तो चहासुद्धा घ्यायचा नाही.

“नाही डॉक्टर,” तो म्हणाला. “केंद्राचा अहवाल वाचलाय मी. थांबायची सेटिंग लावली की पडायचा धोका वाढतो. मी आईला पुण्याला आणतोय. दोरी बंद, वाळू बंद. घरात बसेल, आराम करेल.”

“निहार, त्यांचं हृदय दिवसेंदिवस...”

“आये, तू आहेस ना तिथे?” निहारचा आवाज चढला. “तू पडलीस तेव्हा तुझं तोंड निळं झालं होतं. तुझे डोळे उघडे होते आणि तू बघत नव्हतीस. मी उचललं होतं तुला. मला परत ते बघायचं नाहीये. मला भीती वाटते, आये. कळतंय तुला?”

काकीला कळत होतं. पण तिने माघार घेतली नाही.

“झिला, तू माका उचललंस ता खरा. म्हणान काय जन्मभर मी तुज्या हातातच रवाचा?”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

डॉक्टरांनी खिडकीबाहेर नजर वळवली. मग, जणू हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा, म्हणाल्या, “तुमच्या कमरेची ही डबी आहे ना, यंत्र आणि केंद्र यांच्यातला निरोप्या. सोबतीला दोन दिवस डबी सापडली नाही, तर तो केंद्राने शिकवलेलं सगळं बाजूला ठेवतो आणि बसवताना होता तसा चालायला लागतो. म्हणजे थांबायला लागतो. हे करा असं मी तुम्हाला सांगत नाहीये, काकी. सांगूच शकत नाही. पण तुमच्या छातीत काय बसवलंय हे तुम्हाला कळायलाच हवं.”

काकीने मान डोलावली. दारापर्यंत गेल्यावर डॉक्टरांनी तिला पुन्हा हाक मारली. “आणि अशा माणसाने एकटं राहू नये, चक्कर आली तर लगेच माझ्याकडे यावं. हे मात्र मी सांगतेय.”

बाहेर फिलोमिना रिक्षात बसून शेंगदाणे खात होती. काकीने तिला सगळं सांगितलं. फिलोमिनाने शेंगदाण्यांची पुडी गुंडाळली.

“मरशील गो!”

“आता काय जगतंय? पायऱ्यो चढतना देव आठवता. पुकारो घालूक गेलंय तर कुत्र्यासारखी धापतंय. असाच चलला तर वर्षभरात बिछान्यार, नि मगे निहार माका चमच्यान पेज भरवतलो. ह्या जगणा नाय फिलू, ह्या नुसता मोजणा.”

फिलोमिनाने रिक्षा चालू केली. तिच्या घरी मासळीसाठी पत्र्याची जाडजूड बर्फाची पेटी होती. तीत मोबाइल पडला तर वाजत नाही, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं, कारण बाबी मेथरचा एकदा पडला होता आणि त्याने दिवसभर तो खाडीत शोधला होता. घरी आल्यावर तिने पेटीचं झाकण उघडलं. सुरमईच्या शेजारी जागा केली.

“सुगंधाताई, आपली डबी आपल्यापासून दूर...” असं म्हणता म्हणता आवाज झाकणाखाली गेला.

“येशू बघता आसा,” फिलोमिना म्हणाली आणि तिने आपली चटई उचलून काकीच्या पडवीत नेऊन टाकली. “आता दोन-चार दिस मी हयच. न्हाणीत गेलंस तरी दार लोटाचा नाय.”

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. निहारचे फोन मात्र सुरू झाले. केंद्राने त्याला लाल खूण पाठवली होती: संपर्क तुटला. काकी फोन उचलायची, “जिवंत आसंय” एवढं म्हणायची आणि ठेवून द्यायची. तिसऱ्या दुपारी ती परसात बांगडे साफ करत होती, आणि अचानक छातीत काहीच नाही असं झालं. कोयतीवरचा हात थांबला. एक पोकळी, विहिरीत वाकून बघावं तशी. मग ठोका पडला. पुन्हा काही वेळ सगळं सुरळीत, पुन्हा पोकळी.

ती घाबरली. वाघीण असली म्हणून काय, घाबरलीच. पेटीतून डबी काढून कमरेला लावावी, निहारला फोन करावा, म्हणावं घेऊन जा बाबा मला, असं तिच्या मनात आलं. तो पडलेला ठोका यंत्राचा की आपला, हे तिला कळत नव्हतं. कसं कळणार? हृदय काही कुणाची सही करून ठोके देत नाही. फिलोमिना धावत आली, पाठीवर हात ठेवून बसली.

“काढू काय डबी?”

काकीने डोळे मिटले. तिला ती पोकळी आठवली, आणि तिच्यानंतर आलेला ठोका आठवला.

“रव,” ती म्हणाली. “मी थांबाक सांगितलंय तेका. आता माकाच थांबाक होया.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली. पाण्यावर तारली मासळीच्या थव्याची काळी सावली दिसत होती, वर कावकाव करत पाखरं. होडी जाळं टाकून परतली, दोऱ्या किनाऱ्यावर आल्या. काकी दक्षिणेच्या दोरीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. बायकांनी तिला नुसती जागा करून दिली. तिने दोरी कमरेला घेतली, टाच रुतवली, हात वर केला.

“हय्याऽ!”

आवाज पूर्वीसारखा नव्हता. फाटका होता. पण उत्तरेला बाबीने हात वर करून ऐकू आल्याची खूण केली, आणि दोन्ही बाजू एकदम मागे झुकल्या.

अर्धी रापण आली असेल, तेव्हा बंधाऱ्यावर एक गाडी करकचून थांबली. निहार उतरला, बुटांसकट वाळूत धावत आला. पुण्याहून थेट आला होता, डोळे तांबडे, दाढी वाढलेली.

“डबी खय आसा?” पुण्यातलं सगळं मराठी गाडीतच राहिलं होतं. “आये, डबी खय आसा?”

“बर्फात. सुरमयच्या बाजूक.”

“तुका याड लागला काय? तू... सोड ती दोरी! सोड आधी!”

“रापण मधी टाकून?” काकीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “हय्याऽ!”

आणि त्याच वेळी ती पोकळी आली. या वेळी मोठी. समुद्र एका बाजूला कलला, उजेड गेला, काकीचे गुडघे वाकले. फिलोमिनाने मागून तिला कवेत धरलं. निहारने झडप घालून तिचं मनगट पकडलं आणि बोटं नाडीवर दाबली. तिथे काही नव्हतं. सात वर्षं तो ज्या क्षणाला भीत होता, तो पुन्हा त्याच वाळूत त्याच्या हातात आला होता.

मग त्याच्या बोटाखाली एक ठोका आला.

मग दुसरा. मग एकामागून एक, जोरात, भराभर. काकीने डोळे उघडले, पाय सावरले, पुन्हा दोरी घट्ट धरली. निहार मनगट सोडायला तयार नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू गोंधळात बदलत होती. आईचे ठोके त्याने रोज बघितले होते. तिच्या हृदयाचा चढउतार त्याला आपल्या पगारापेक्षा पाठ होता.

“हे सत्तर नायत,” तो पुटपुटला. “शंभराच्या वर आसत.”

“आसतले.”

“पण तू एका जागी उभी आसंस. छाती हलत नाय. यंत्राच्या हिशेबान तू बसलंस. ता सत्तरच्या वर जावचा नाय.” त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “मगे ह्ये ठोके कोण देता?”

काकीला एवढा दम लागला होता, की तिला धड बोलवत नव्हतं. तरी ती हसली. घामाने डबडबलेलं तोंड, विस्कटलेले केस, आणि वर ते हसू. दोन वर्षांत ती अशी हसली नव्हती.

“मी. आनी कोण आसतला?”

निहारच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही. दोन्ही हातांनी त्याने ते मनगट धरून ठेवलं होतं, जणू पहिल्यांदाच कुणीतरी त्याची आपल्या आईशी ओळख करून दिली होती.

“काकीऽ!” तिकडून बाबी मेथर बोंबलला. “रापण तिरकी जाता! पुकारो घाल!”

खरंच, पुकारा थांबल्यामुळे उत्तरेची बाजू पुढे गेली होती, जाळ्याची कड वाकली होती, आणि दक्षिणेकडून चंदेरी तारल्या उड्या मारत निसटत होत्या.

“हात सोड माजो,” काकी म्हणाली. “नायतर दोरी धर. मधी उभो रवा नको.”

निहारने एकदा तिच्याकडे, एकदा समुद्राकडे पाहिलं. मग बूट भिरकावले आणि तिच्या मागे दोरी धरली. काकीने उत्तरेला हाताने थोपवलं, दक्षिणेला दोन हात जास्त ओढायला लावलं, जाळं सरळ झाल्याचं बघितलं, आणि मग हात वर केला.

ऊन चढल्यावर वाळूवर मासळीचे वाटे पडले. रापणीची रीत अशी, की ज्याने दोरीला हात लावला त्याचा वाटा. तिथे नातं बघत नाहीत, वय बघत नाहीत. निहारसमोरही एक वाटा आला. तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हाताला फोड आलेले, त्या तारल्यांकडे बघत बसला होता. काकी त्याच्या शेजारी पाय पसरून बसली. पायांची सूज होती तशीच होती; चार दिवसांत काही चमत्कार होत नसतो. दुपारी डॉक्टर सामंतांकडे जायचं तिने स्वतःच ठरवलं होतं.

फिलोमिना डबी घेऊन आली. बर्फाचं पाणी पुसून तिने ती वाळूवर ठेवली, आणि क्षणभराने आवाज आला, तसाच लाडिक, “सुगंधाताई, आपल्याशी पुन्हा संपर्क झाला, आनंद वाटला! केंद्राची काळजी पूर्ववत सुरू करायची का? जबाबदार नातेवाईकाने उत्तर द्यावे.”

सगळ्यांचे हात वाट्यांवर थांबले. निहारने खिशातून फोन काढला. ‘होय’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणं समोर होती. त्याचा अंगठा बराच वेळ अधांतरी राहिला. त्याने आईकडे पाहिलं. तिने काही सुचवलं नाही, विनवलं नाही, नुसती बघत राहिली. मग तो दोन्ही बटणं सोडून खाली, अगदी तळाला गेला. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: किल्ली हस्तांतरित करा.

“भीती गेलेली नाय हां माजी,” तो म्हणाला आणि त्याने अंगठा दाबला.

“माजी खय गेली?” काकी म्हणाली.

डबी जराशी घुटमळली. मग आवाज आला, या वेळी थोडा कमी लाडिक, “सुगंधाताई, यापुढे निर्णय आपला राहील. काळजी सुरू करायची का?”

काकीने मासळीचे खवले लागलेला हात छातीवर ठेवला. आत एक ठोका पडला, एक पोकळी आली, आणि तिने घाई केली नाही. ठोका आला.

“तू थांब,” ती डबीला म्हणाली.